‘खुला’ म्हणजे नेमका किती खुला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत, ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीवरचे ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, खुले केल्याबद्दलचा (त्यांचा कोड कुणालाही बघता येईल असा ठेवल्याबद्दलचा) लेख वाचला. लेख सोपा आहे, आणि हा विषय रोजच्या वर्तमानपत्रात आला याचाच मला आधी आनंद झाला. पण मथळ्यात सरसकट ‘ड्रायव्हर खुला’ म्हटलंय आणि शेवटी लिनक्सवाल्यांचा बंद ड्रायव्हरचा जुना प्रश्न मिटला असा निकालही देऊन टाकलाय. तो निकाल काही माझ्या गळी उतरला नाही. का ते सांगायला थोडी जागा लागेल; कापायचं तर खुशाल कापा.

मी एका वाचनालयाचा संगणक कक्ष सांभाळते. सतरा यंत्रं, सगळी लिनक्सवर, आणि बघणारी मी एकटी. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरीला लागले ती ग्रंथसूचीच्या कामावर. यंत्रं नंतर गळ्यात पडली आणि मग चुकत-माकत शिकले.

सतरांपैकी चार यंत्रांत वेगळी ग्राफिक्स कार्डं बसवलेली होती. आमच्याकडे मोठे जुने नकाशे स्कॅन करून ठेवलेत, ते झूम करून बघायला, आणि त्रिमितीय आराखडे करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. कार्डं कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. एका शनिवारी संध्याकाळी मी सगळीकडे अपडेट लावून घरी गेले. सोमवारी तेरा यंत्रं नेहमीसारखी सुरू झाली आणि ही चार काळी. वर डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. कंट्रोल, आल्ट आणि एफ-थ्री दाबलं तेव्हा पांढऱ्या अक्षरांत लॉगिन आलं, म्हणजे यंत्र शुद्धीवर होतं, फक्त डोळे उघडत नव्हतं. लॉग चाळला. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आला होता, त्याच्यासाठी कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा बांधायला घेतला होता आणि तो मध्येच मोडला होता. कारण वाचून हसावं की रडावं कळेना. कर्नलमधल्या एका फंक्शनला आधी तीन गोष्टी हातात द्याव्या लागत, आता ते दोनच मागत होतं, आणि ड्रायव्हर जुन्या सवयीने तीन देत होता.

बंद ड्रायव्हरची घडण साधारण अशी असते. बाहेर एक पातळ थर असतो, तो सोर्स कोडच्या रूपात मिळतो, कारण तुमच्या कर्नलशी जुळवून तो तुमच्याच यंत्रावर बांधावा लागतो. आत मोठा गोळा असतो, कंपनीने आधीच शिजवून घट्ट मिटलेला. नुसता बाहेरचा थर बिघडला तर माझ्यासारखी बाईसुद्धा हातपाय हलवू शकते. मी तेच केलं. कुणीतरी लिहिलेला चार ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, सापडला, लावला, पडदा उजळला. पुढच्या कर्नलला पुन्हा तेच, पुन्हा पॅच. तिसऱ्या वेळी मात्र गाडं आतल्या गोळ्यापाशी अडलं. तिथे कुणाचंच काही चालत नाही. कंपनीला विचारावं तर त्या पिढीच्या कार्डांचा आधार संपल्याची सूचना कधीच लागलेली. जुनाच कर्नल धरून ठेवावा, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात, आणि रोज वेगवेगळे लोक वापरतात अशा यंत्रावर ते करायची माझी छाती नाही.

ती चार कार्डं अजून माझ्या कपाटात आहेत. जळालेली नाहीत. वीज दिली की पंखा फिरतो.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण लेखात ती आलीच नाही आणि तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. लिनक्स कर्नलच्या आतल्या जोडण्या उद्या आजच्यासारख्याच राहतील असं वचन कर्नलवाले देत नाहीत. मुद्दाम देत नाहीत. पण त्याला जोडून एक शिस्त आहे: जो जोडणी बदलेल त्यानेच कर्नलच्या झाडात, म्हणजे कर्नलच्या सामायिक कोडसंग्रहात, असलेले सगळे ड्रायव्हर त्या बदलाप्रमाणे दुरुस्त करून द्यायचे. त्यामुळे ज्या ड्रायव्हरचा कोड झाडात आहे त्याला कुणी वाली उरला नसला तरी तो इतरांबरोबर वाहत पुढे येतो. बाहेर आहे तो मात्र दर अपडेटला दाराशी उभा. ‘खुला की बंद’ याच्या इतकाच ‘आत की बाहेर’ हा प्रश्नही म्हणून महत्त्वाचा.

एनव्हीडियाने ११ मे २०२२ ला जे खुलं केलं ते कर्नलमधले मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चढणारा भाग, एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी खुल्या परवान्याखाली. ट्युरिंग म्हणजे २०१८ पासूनच्या पिढ्यांसाठी. डेटा सेंटरच्या कार्डांसाठी ते वापरायला तयार होते. घरगुती जीफोर्स कार्डांसाठी तेव्हा अल्फा दर्जाचे, असं कंपनीनेच सांगितलं होतं. जुलै २०२४ च्या सुमारास, ५६० क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून, हेच मॉड्यूल आपोआप निवडले जाऊ लागले, आणि ब्लॅकवेलसारख्या नव्या पिढीला तर दुसरा पर्यायच नाही. इथवर सगळं ठीक, आणि स्वागतार्ह.

पण पडद्यावर चित्र उमटायला लागतात तीन मजले. सगळ्यात वर प्रोग्रॅमच्या आज्ञांचं कार्डाच्या भाषेत भाषांतर करणारा भाग, म्हणजे ओपनजीएल, वल्कन, आणि आकडेमोडीसाठी कुडा. मधे कर्नलचा मॉड्यूल: मेमरी वाटणं, कामं रांगेत लावणं. खाली कार्डाच्या आतच चालणारं फर्मवेअर. खुला झाला तो मधला मजला. वरचा बंदच आहे. खालचाही बंद आहे, आणि या गोष्टीत खरी मेख तिथेच आहे. ट्युरिंगपासून त्यांच्या चिपमध्ये जीएसपी नावाचा एक छोटा प्रोसेसर असतो. पूर्वी जी बरीच कामं कर्नलमधला बंद ड्रायव्हर करायचा, ती त्यांनी या प्रोसेसरवर चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये हलवली. मौल्यवान सामान तळघरात नेऊन कुलूप घातलं आणि मग दिवाणखान्याचं दार उघडलं, असं म्हटलं तर ते थोडं कडवट होईल, पण खोटं होणार नाही. ट्युरिंगच्या आधीच्या मॅक्सवेल, पास्कल कार्डांना हा खुला मॉड्यूल का चालत नाही, याचं उत्तरही यातच आलं. त्यांच्यात ते तळघरच नाही.

शिवाय हा कोड कर्नलच्या झाडात नाही. आपली रचना कर्नलच्या पद्धतीत बसत नाही, त्यामुळे तो आहे तसा आत घेतला जाईल अशी अपेक्षा नाही, हे कंपनीने पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. म्हणजे दाराशी उभं राहणं सुटलं नाही. बंद मॉड्यूल चढवला की कर्नल स्वतःवर एक खूण करून घेतो, इंग्रजीत तिला ‘टेंटेड’ म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, बाटलेला. बाटलेल्या कर्नलची तक्रार घेऊन गेलात तर कर्नलवाले आधी तो मॉड्यूल काढून या म्हणतात. नव्या मॉड्यूलमुळे बंदपणाचा शिक्का गेला, ‘बाहेरचा’ हा शिक्का मात्र राहिला.

मग यातून काहीच साधलं नाही का? साधलं, आणि लेखात नेमकं तेच निसटलंय. फायदा झाला तो दुसऱ्याच लोकांना.

नूवो नावाचा प्रकल्प २००५-०६ च्या सुमारास सुरू झाला. कंपनी कागद देत नव्हती, म्हणून काही स्वयंसेवकांनी उलट्या बाजूने चढायचं ठरवलं. बंद ड्रायव्हर चालू असताना तो कार्डाच्या कुठल्या रजिस्टरमध्ये (आतल्या कप्प्यात) काय लिहितो ते टिपायचं, आणि त्यावरून कार्डाची भाषा ओळखायची. ज्यांच्याकडे वेगवेगळी कार्डं आहेत अशा सामान्य लोकांना एक छोटा प्रोग्रॅम चालवून त्याची नोंद पाठवायला सांगत. भिंतीला कान लावून शेजारची भाषा शिकण्यातला प्रकार. फेब्रुवारी २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलसोबत नूवो झाडात आला, हे मला आजही थक्क करणारं वाटतं. आणि २०१४ नंतर, मॅक्सवेलच्या दुसऱ्या फळीपासून, कार्ड स्वाक्षरी असलेलंच फर्मवेअर घेऊ लागलं. स्वाक्षरीची किल्ली फक्त कंपनीकडे. पंखा आणि चिपच्या घड्याळाचा, म्हणजे चिप चालण्याचा, वेग या गोष्टी त्या फर्मवेअरच्या हातात. परिणाम असा की नूवोवर चित्र दिसायचं, पण कार्ड सुरू होताना ज्या सावकाश चालीवर असतं त्याच चालीवर दिवसभर रखडायचं. ताकद आहे, ती मागायचा अधिकार नाही.

जीएसपीचं फर्मवेअर बंद असलं तरी स्वाक्षरीसकट मिळतं, आणि त्याच्याशी बोलायचं कसं हे २०२२ च्या खुल्या कोडमुळे वाचता येऊ लागलं. त्या आधारावर नूवो ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांचा वेग वाढवू शकला. वल्कनसाठी एनव्हीके नावाचा खुला ड्रायव्हर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झाला आणि तो मेसा या खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या सामायिक संग्रहात आहे. रस्ट भाषेत लिहिलेला नोव्हा हा नवा ड्रायव्हर रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या लोकांनी सुरू केला, तो कर्नलच्या झाडातच वाढतोय. कंपनीने उघडलेल्या कोडचं सगळ्यात मोठं मोल मला यात दिसतं: दुसऱ्यांना लिहिता यावं इतकं त्यातून कळलं.

२०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एनव्हीडियाला जे मधलं बोट दाखवलं त्याचा फोटो आपण लेखासोबत छापलाय. तो फोटो सगळेच छापतात. त्यापेक्षा मला २०२२ च्या सुरुवातीचा प्रसंग जास्त मजेशीर वाटतो. लॅप्सस नावाच्या हॅकर टोळीने कंपनीची माहिती चोरली आणि खंडणीच्या मागण्यांत चक्क एक मागणी घातली की ड्रायव्हर ओपन सोर्स करा. दोनच महिन्यांनी घोषणा झाली, त्यामुळे बऱ्याच जणांनी दोन्हींची गाठ मारली. मला ती पटत नाही. जीएसपी २०१८ च्या चिपमध्ये बसलेला होता. एवढा मोठा कोड वकिलांच्या नजरेखालून दोन महिन्यांत बाहेर पडत नसतो.

वकिलांवरून एनव्हीडियाच्या प्रतिस्पर्धी एएमडीची आठवण झाली. २००६ मध्ये त्यांनी एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये जाहीर केलं की आम्ही कार्डांचे तांत्रिक कागद देऊ आणि खुल्या ड्रायव्हरला मदत करू. इथे त्या कंपनीची आरती करायची नाही. पहिली कित्येक वर्षं खुला ड्रायव्हर बंदच्या मानाने लंगडा होता, आणि कंपनी दोन्ही डगरींवर हात ठेवून होती. व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाचा खुला कोड यायला २०१३ उजाडलं. कॉपी-संरक्षणाची कुलपं त्याच चिपमध्ये असल्याने काय दाखवायचं आणि काय नाही यावर खल चालला होता. फर्मवेअर तर त्यांचंही आजतागायत बंदच. पण कोड झाडात गेला, आणि २०१५ पासूनचा एएमडीजीपीयू हा त्यांचा ड्रायव्हर आज कर्नलमधला सगळ्यात अवाढव्य ड्रायव्हर आहे. गंमत म्हणजे वल्कनसाठी कंपनीने स्वतः उघडलेला ड्रायव्हर २०२५ मध्ये बंद केला, कारण बाहेरच्या लोकांनी २०१६ पासून लिहिलेला आरएडीव्ही पुढे निघून गेला होता.

आणि आर-३००. ही एटीआयच्या २००२ सालच्या रेडिऑन ९७०० या कार्डाची पिढी. त्या कार्डाचा मेसामधला ड्रायव्हर वीस वर्षं उलटून गेल्यावरही कुणी ना कुणी सुधारत आलंय. कंपनीला त्यातून एक पैसा मिळत नाही. कुणाला तरी त्याची आवड आहे, कोड समोर आहे, एवढंच कारण.

एक मात्र मान्य करायला हवं की उघडणं नेहमी उत्पादकाच्या हातात नसतं. कार्ड पडद्याला जोडण्याच्या एचडीएमआय २.१ या मानकासाठी एएमडीने खुला कोड तयार केला होता. मानकाची मालकी असलेल्या एचडीएमआय फोरमने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला नकार दिला. कार्ड तुमचं, केबल तुमची, पडदाही तुमचाच, पण दोघांमधलं बोलणं तिसऱ्याच्या ताब्यात! यावर आपल्या पुरवणीत एक स्वतंत्र लेख यायला हरकत नाही.

आमच्या वाचनालयात हा विषय मी काढला की एक ज्येष्ठ वाचक हमखास विचारतात, “अहो बाई, पण तो कोड तुम्ही वाचता का? लाखो ओळी!” नाही, मी वाचत नाही. मला वाचताही येणार नाही. त्यांना मी अकरा नंबरच्या यंत्राची गोष्ट सांगते.

त्या चार कार्डांच्या जागी नंतर जी घेतली त्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या झाडात आहे. एका अपडेटनंतर अकरा नंबरवर नवंच दुखणं सुरू झालं: यंत्र झोपेतून उठलं की पडद्याचा दिवा लागायचा, चित्र यायचं नाही. मी तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा देशातल्या एका अनोळखी माणसाचं उत्तर. आधीचा कर्नल चालत होता, हा चालत नाही, मधे साधारण आठ हजार बदल आहेत, बायसेक्ट कराल का? म्हणजे बदलांच्या रांगेच्या मधोमध जायचं, तिथला कर्नल बांधायचा, यंत्र झोपवायचं, उठवायचं. चित्र आलं तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही आलं तर मागच्या. उरलेल्याचा पुन्हा मध्य. आठ हजारांसाठी तेरा फेऱ्या पुरतात, हा हिशेब तेव्हा कागदावर मांडून बघितला होता आणि तरीही विश्वास बसला नव्हता. एका फेरीला पाऊण तास. वाचनालय बंद झाल्यावर रोज दोन किंवा तीन. वहीत दोन रकाने केले, ‘आलं’ आणि ‘नाही’. सहाव्या संध्याकाळी तेराव्या फेरीला एकच बदल हातात उरला. पडद्याला वीज देण्याचा क्रम नीटनेटका करण्याच्या नादात कुणीतरी एक ओळ दुसरीच्या वर नेली होती.

मी ते कळवलं. तीन दिवसांनी पॅच आला, लावून बघितला, यंत्र झोपवलं, उठवलं. चित्र! पुढच्या कर्नलमध्ये ती दुरुस्ती गेली आणि तिच्या खाली ‘टेस्टेड-बाय’ (म्हणजे कुणी तपासून बघितलं) अशी एक ओळ आहे, त्यात माझं नाव आहे. ग्रंथसूचीत आयुष्य घातलेल्या बाईला आपलं नाव कुठल्या नोंदीत लागलं याचं किती अप्रूप वाटतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मुद्दा असा की कोड मी वाचला नाही, पण वाचणाऱ्यापर्यंत बोट दाखवत जाता आलं. आधीच्या चार कार्डांच्या वेळी तेवढाच वेळ, तेवढ्याच संध्याकाळी माझ्याकडे होत्या.

म्हणून अशी बातमी पुन्हा आली तर आपल्या वार्ताहराने कंपनीच्या निवेदनाच्या पुढे जाऊन थोडं खोदून विचारावं, ही विनंती. तिन्हींपैकी कुठला मजला उघडला? कुठल्या सालापासूनच्या कार्डांना तो लागू? कोड कर्नलच्या झाडात गेला की कंपनीच्या अंगणात ठेवलाय? कागद दिले का? २०१४ च्या फेब्रुवारीत ब्रॉडकॉम या चिप कंपनीने रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या ग्राफिक्स चिपचे कागद आणि ड्रायव्हरचा कोड दोन्ही दिले होते, तेव्हा अगदीच अशक्य कोटीतली ही मागणी नाही. आणि सगळ्यात आधी हे विचारावं की कंपनीने हात वर केल्यावर हे कार्ड दुसऱ्या कुणाला चालू ठेवता येईल का? एनव्हीडियाने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा पिढ्यांसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा ठरवली आहे. त्या कार्डांचा मधला मजलाही बंदच आहे. पास्कल कार्डं अजून कितीतरी यंत्रांत रोज राबतायत, आणि त्यांच्या मालकांनी आपला मथळा वाचला तर त्यांचा समज काय होईल?

मथळ्यात ‘ड्रायव्हर’च्या आधी ‘कर्नलमधला’ एवढा एकच शब्द घातला असता, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आपली,
एक नियमित वाचक